शिस्तीत चुकलेला प्रोग्रॅम

अलिबागची चुंबकीय वेधशाळा उभी राहिली ती एका नियमावर: लोखंड नको. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक सुया त्या विजेने बावचळणार हे उघड होतं. तिथले संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे जागा शोधली आणि १९०४ साली चुंबकीय निरीक्षणं अलिबागला सुरू झाली. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं, त्यामुळे कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच राहिली, फक्त मध्ये समुद्र आला. (जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये.) चुंबकाला ओढ लागेल असं साहित्य इमारतीत वापरलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, आकड्याला आकडा ताडून पाहिला, आणि मगच मुंबईकडचं काम थांबवलं. या नियमावरून कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही. "माझ्या मते दाराला लोखंडी बिजागरीच शोभते" असं म्हणत एकही सुतार संपावर गेला नसावा. नियमाचं कारण सुईवर दिसत होतं.

कारण दिसत असेल तर माणूस नियम पाळतो आणि विसरून जातो. कारण दिसत नसेल तर तो त्या नियमासाठी प्राण द्यायला तयार होतो. हे ज्ञान मला संतवाङ्‌मयातून नव्हे, सॉफ्टवेअरमधून मिळालं.

आमच्या किनाऱ्यावर एक प्रश्न बाराही महिने विचारला जातो: अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल? ओहोटीला पायी किंवा घोडागाडीने, भरतीला होडीने, एवढं साधं उत्तर आहे. पण शनिवारी सकाळी मांडव्याला रो-रोतून गाडीसकट उतरलेल्या पाहुण्याला ते पुरत नाही. त्याला मोबाइलवर वेळ हवी असते. म्हणून आम्ही चौघांनी पायथॉन या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवायच्या, फुकट. कोड सगळ्यांना खुला, ज्याला सुधारायचा त्याने सुधारावा. चौघांत एक श्रीवर्धनवाले, बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त होऊन सुपारीच्या वाडीत रमलेले. एक मुरुडवाला, लोणेऱ्याच्या विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला. एक मूळची रेवदंड्याची, हल्ली न्यू जर्सीवाली. आणि नागावहून मी.

चंद्र, सूर्य, खाडीचं तोंड, पाण्याची खोली असा सगळा अवघड मामला होता. त्यावर आमचं पहिल्याच आठवड्यात एकमत झालं. पुढे जे पेटलं ते अवतरणचिन्हांवरून.

मुरुडवाल्याने पुनवेच्या उधाणाचं गणित सुधारून पाठवलं. ते तपासून श्रीवर्धनवाल्यांनी शेरा मारला, "गणित उत्तम. पण दुहेरी अवतरणचिन्हं कशाला?"

"काका, पायथॉनला दोन्ही चालतात."

"पायथॉनला चालत असतील. मला चालत नाहीत."

एवढ्यात न्यू जर्सीवाली उठली. "आमच्या ऑफिसात दुहेरीच वापरतात."

"तुमच्या ऑफिसला समुद्र लागून आहे का?" श्रीवर्धनवाल्यांनी विचारलं. या प्रश्नाचा मूळ मुद्द्याशी काय संबंध, हे आम्हाला कळलं नाही. पण बिनतोड वाटला खरा.

अवतरणचिन्हांनंतर टॅब आणि स्पेस. ओळ आत सरकवायची ती टॅबची कळ एकदा दाबून की स्पेसबार चारदा बडवून, यावर जगभरच्या प्रोग्रामर मंडळींत जे वैर आहे, त्यापुढे चित्पावन-देशस्थ प्रकरण म्हणजे नुसती थट्टामस्करी. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीने तर घोळ होईल अशा रीतीने दोन्हींची सरमिसळ केली की प्रोग्रॅम चालवायलाच नकार द्यायचं ठरवलं आहे. आमच्या फाइलीत वरचा अर्धा भाग श्रीवर्धनचा, म्हणजे टॅबचा. खालचा अर्धा मुरुडचा, म्हणजे स्पेसचा. मधल्या ओळीवर सीमाप्रश्न.

मग ओळीची लांबी. एका ओळीत किती अक्षरं मावावीत? श्रीवर्धनवाले ८० म्हणत होते. या आकड्याचं मूळ आयबीएमच्या १९२८ सालच्या पंच कार्डात आहे. त्या कार्डावर ८० रकाने होते. कार्डं गेली, त्यांना भोकं पाडणारी यंत्रं गेली, ती चालवणारी माणसं निवृत्त होऊन वाडीला पाणी लावू लागली, पण ८० काही हलेना. पायथॉनच्या २००१ सालच्या लेखनसंकेतांत मर्यादा ७९ ठेवली आहे. २०१८ मध्ये आलेल्या ब्लॅक नावाच्या साधनाने ८८ धरली. लिनक्सवाल्यांनी २०२० मध्ये ८० चा आग्रह सैल केला आणि त्यांच्या तपासणी-साधनातली मर्यादा १०० वर नेली. तेच लिनक्सवाले आपल्या लेखनसंकेतांच्या सुरुवातीला सुचवतात की ग्नू प्रकल्पाचे लेखनसंकेत छापून घ्या आणि न वाचता जाळून टाका. आपल्याकडे होळीत एवढा जोर कुणाच्या शेणी पळवण्यापुरताच असतो.

शेवटी न्यू जर्सीवालीने तोडगा काढला. "फॉरमॅटर लावू. तो कोड स्वतःच नीट करतो. आपण कसाही लिहावा, तो त्याच्या पद्धतीने मांडतो. कुणी काही बोलायचं नाही."

आणि खरोखरच कुणी काही बोललं नाही! मला या चमत्काराचं कुतूहल आहे. आम्ही ब्लॅकच लावला. त्याने श्रीवर्धनवाल्यांची सगळी एकेरी चिन्हं दुहेरी केली, टॅब पुसून स्पेस घातले, ओळी ८८ वर तोडल्या. म्हणजे तिन्ही आघाड्यांवर त्यांचा पराभव झाला. हेच जर मुरुडवाल्याने सुचवलं असतं, तर त्यांनी त्याच्या वडिलांना फोन केला असता. पण यंत्राने केलं म्हटल्यावर म्हणाले, "असू दे. त्याची पद्धत आहे ती."

मराठी माणसाचा हा स्वभाव ओळखून कुणी अमेरिकेत साधनं बनवत असेल असं वाटत नाही, पण ती आपल्याच मापाची निघाली आहेत. सहकाऱ्याने "इथे एक स्पेस जास्त झालाय" म्हटलं की आपल्याला ऐकू येतं, "तुम्हाला कुणी शिकवलं नाही वाटतं." यंत्राला वय नाही, गाव नाही, आडनाव नाही. ते आपल्याहून ज्युनियर नसतं आणि शहाणपणा करतंय असाही संशय येत नाही. तलाठी, सासरा आणि व्याही यांच्यापुढे न वाकणारी मान लाल अक्षरातल्या एका ओळीपुढे मुकाट्याने वाकते. गूगलमधून २००९ साली बाहेर आलेल्या गो भाषेच्या कर्त्यांनी हे पहिल्यापासून ओळखलं. त्यांचा गोफॉर्मॅट कुणाला विचारत नाही, की निवडीला पर्यायही ठेवत नाही. त्या भाषेच्या जनकांपैकी रॉब पाइक यांनी याचं मर्म सांगितलं आहे: त्याची शैली कुणाचीच आवडती नाही, तरी तो सगळ्यांचा आवडता आहे. लोकशाहीत यापेक्षा चांगला उमेदवार मिळणं कठीण.

तर मग साधन लावलं, शांतता झाली, लेख संपला? छे. भांडण्याची हौस म्हणजे घरातलं मांजर नव्हे, हाकलल्यावर जायला. ती नियमांच्या फाइलीत जाऊन बसली.

फॉरमॅटरबरोबर एक लिंटरही येतो. फॉरमॅटर मांडणी बघतो. लिंटर संशयास्पद जागा दाखवतो. त्याच्यात शेकड्यांनी नियम असतात आणि कुठले चालू ठेवायचे, कुठले बंद, हे एका फाइलीत लिहावं लागतं. पूर्वी कोडवर होणारे वाद आता या फाइलीवर सुरू झाले. शिवाय एखाद्या ओळीला नियमातून सूट हवी असेल तर तिच्या शेवटी 'नो-क्यूए' अशी खूण करता येते. ही सोय कळल्यावर आमच्या कोडमध्ये सवलतीचे पास घेतलेल्या ओळी एसटीपेक्षा जास्त झाल्या.

दुसरा घोटाळा श्रेयाचा. कुठली ओळ कुणी लिहिली हे गिट नावाचं नोंदणी-साधन लक्षात ठेवतं. फॉरमॅटर पहिल्यांदा चालवला मुरुडवाल्याने. त्याने जवळजवळ प्रत्येक ओळ थोडीफार हलवली. त्यामुळे गिटच्या दप्तरी सगळा प्रोग्रॅम त्याच्या नावावर चढला. सातबाऱ्यावर असं झालं असतं तर अलिबागच्या कोर्टात दोन पिढ्यांची सोय झाली असती. पुढे काहीही बिघडलं की श्रीवर्धनवाले नाव बघून त्यालाच धरत. "काका, ती ओळ मी लिहिली नाही, मी फक्त सरळ केली," हे त्याचं पालुपद झालं. यावर उपाय आहे: अशी नुसती सारवासारव करणारी कमिटं वेगळ्या फाइलीत नोंदवून ठेवली की गिट त्यांच्याकडे काणाडोळा करतं. ही सोय २०१९ मध्ये आली. म्हणजे तोवर जगभर कित्येक मुरुडवाले दुसऱ्याच्या पापाचे धनी होत होते.

ही सगळी मौज आपल्याला नवीन वाटू नये, कारण आपल्या भाषेचा कोड आपण एकदा असाच फॉरमॅट केला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ घातले गेले. एका फटक्यात 'कांहीं' मधले दोन्ही ठिपके गेले, 'नांव' आणि 'आंत' हलके झाले, 'कवि' आणि 'मति' यांचे शेवट दीर्घ झाले. अपवादांची यादीही आली: 'आणि' व 'नि' मात्र ऱ्हस्वच. म्हणजे आपल्याकडची 'नो-क्यूए' ची खूण. फरक इतकाच की जुन्या फायलींवर चालवायला तेव्हा यंत्र नव्हतं, त्यामुळे घरोघरच्या कपाटांत जुन्या आवृत्तीचं मराठी सुखाने नांदतं आहे आणि व्यवस्थित वाचताही येतं. श्रीवर्धनवाले कोडमधल्या टिपा मराठीत लिहितात आणि त्यांत अजूनही 'कांहीं' लिहितात. फॉरमॅटर टिपांच्या मजकुराला हात लावत नाही, हे कळल्यापासून त्यांचा सगळा अनुस्वार तिथे उतू जातो आहे.

आता मुख्य प्रकरण.

प्रोग्रॅम लोकांसाठी खुला झाला तेव्हा तो दिसायला अप्रतिम होता. ओळी कवायतीला उभ्या केल्यासारख्या, चिन्हं एकजात दुहेरी, प्रत्येक तपासणीपुढे हिरवी टिक. मुरुडवाल्याचे पुण्याचे मामा-मामी, मुलं, मुलांच्या टोप्या असा लवाजमा पौर्णिमेच्या दिवशी अलिबागच्या किनाऱ्यावर दाखल झाला. मोबाइलवर ओहोटीची वेळ होती दुपारी बरोबर १२. मामांनी सव्वाअकरापासून पॅन्ट दुमडून ठेवली होती. समोर किल्ला, आणि मध्ये तुडुंब समुद्र.

"भाच्याने स्वतः बनवलंय," मामा सगळ्यांना सांगत होते. "उतरेल आता."

पाऊण तास वाट पाहून मामांनी शेवटी एका घोडागाडीवाल्याला विचारलं. त्याने आकाशाकडे नाही, मोबाइलकडे नाही, बोटांच्या पेरांकडे पाहिलं. "आज पुनीव. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पुरती भरती होती. आता संध्याकाळी साडेपाचला या."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशोब आमच्या किनाऱ्यावर पोरासोरांना येतो. त्याला ८८ अक्षरं लागत नाहीत. भरतीपासून ओहोटी साधारण सहा तास बारा मिनिटांवर, आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, एवढं धरलं की काम भागतं.

बिघाड झाला होता तो असा. भरती-ओहोटीचे आकडे जागतिक प्रमाणवेळेत येत होते आणि त्यांत भारताचे साडेपाच तास मिळवायचे राहून गेले होते. साडेपाचची ओहोटी म्हणून १२ वाजता दाखवली गेली. इतर कुठल्या प्रोग्रॅममध्ये साडेपाच तासांची चूक नुसती चूक ठरते. आमच्यात मात्र भरती-ओहोटीचं अंतरच सहा तासांचं, त्यामुळे आमचा प्रोग्रॅम अत्यंत काटेकोरपणे, किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावासाठी, ओहोटीच्या जागी जवळजवळ भरती दाखवत होता. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्म्या वेळा बरोबर आलं असतं. या साडेपाच तासांशी आपलं वाकडं जुनंच आहे म्हणा: देशाने १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ घेतली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

पण मजा पुढेच आहे. वेळ-विभाग न सांगता प्रोग्रॅममध्ये वेळ तयार केली की हटकणारा नियम आमच्या लिंटरमध्ये होता. आयता. फाइलीत एक शब्द लिहिला की चालू होणारा. तो चर्चेला आलाही होता. "हा फार गोंगाट करतो," असं कुणीतरी म्हणालं, बाकीचे गप्प राहिले आणि दीड मिनिटात तो नियम बंद झाला. त्याच बैठकीत अवतरणचिन्हांच्या नियमावर तास गेला.

लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासताना घरात जे होतं, तेच हे. आत्याचं नाव काकूंच्या आधी का, 'चि. सौ. कां.' मधला ठिपका कुठे गेला, गणपतीची सोंड उजवीकडे की डावीकडे, यावर अर्धी रात्र जाते. आणि मुहूर्त सकाळचा असून 'सायं.' छापलंय, हे हॉलचा मॅनेजर फोन करून सांगतो.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात अशीच एक समिती रंगवली आहे. ती अणुभट्टीचा खर्च चुटकीसरशी मंजूर करते आणि सायकलींच्या छपरावर घसा सुकेस्तोवर बोलते. अणुभट्टी कुणालाच कळत नाही. छप्पर सगळ्यांना कळतं. पॉल-हेनिंग कॅम्प यांनी १९९९ मध्ये फ्रीबीएसडी प्रकल्पातल्या सहकाऱ्यांना हीच गोष्ट सुनावली, तेव्हापासून प्रोग्रामर मंडळी अशा वादाला सायकलचं छप्परच म्हणतात. आमच्याकडे सायकलीच्या छपराला हिरवी टिक मिळाली होती आणि अणुभट्टीत समुद्राचं पाणी शिरलं होतं.

तेव्हा ही तपासणी-साधनं ठेवावीत की नको? मामांना विचाराल तर उत्तर छापण्याजोगं नाही. मला विचाराल तर ठेवावीत. फक्त कुठलं कशासाठी, हे नीट ओळखून. या साधनांचा मूळपुरुष लिंट हा स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी भाषेसाठी लिहिला, तो ओळी नटवण्यासाठी नव्हे. सी भाषेचा कंपायलर ज्या गोष्टी पोटात घालत असे, त्या चव्हाट्यावर आणणं हे त्याचं काम होतं. नटवणं नंतर आलं आणि घरमालक होऊन बसलं.

नटव्यांनाही अगदी हिणवू नये. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या कोडमध्ये एकच ओळ चुकून दोनदा आल्याचं उघड झालं. त्या जादा ओळीमुळे सुरक्षित जोडणीतली सहीची पडताळणी वगळली जात होती. ती ओळ वरच्या अटीच्या पोटातली आहे अशा थाटात आत सरकून बसली होती, म्हणून नजरेतून सुटली. साध्या फॉरमॅटरने तिला कान धरून डावीकडे, तिच्या खऱ्या जागेवर आणली असती आणि लिंटरने सांगितलं असतं की हिच्याखाली कधीच कुणी पोचत नाही. नुसतं नीटनेटकं मांडल्याने खोटं उघडं पडतं ते असं.

मामांच्या प्रकरणानंतर आम्ही घटना दुरुस्ती केली. मांडणी पूर्णपणे फॉरमॅटरच्या हवाली. तिच्यावर बोलेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. लिंटरचे नियम मोजकेच, आणि प्रत्येकासमोर तो का आहे हे एका वाक्यात लिहिलेलं असलं पाहिजे. कारण लिहिता येत नसेल तर नियम रद्द. या चाळणीतून बहुतेक नियम गळून गेले. वेळ-विभागाचा पहिल्या नंबरावर आहे आणि त्याच्यासमोर कारण म्हणून श्रीवर्धनवाल्यांनी लिहिलं आहे, "मुरुडवाल्याचे मामा". शिवाय एक चाचणी रोज तिथीची पाऊणपट करून प्रोग्रॅमच्या उत्तराशी ताडते आणि दीड-दोन तासांहून जास्त फरक पडला की बोंब मारते. घोडागाडीवाल्याचा नियम आहे. त्याला 'नो-क्यूए' ची सवलत नाही.

भांडणं थांबली असं मात्र समजू नका. सध्या वाद चालू आहे तो पाणी चढायला लागण्याच्या किती आधी 'किल्ल्यातून परत फिरा' अशी सूचना द्यायची, यावर. मुरुडवाला म्हणतो अर्धा तास पुरे. न्यू जर्सीवाली म्हणते एक तास. श्रीवर्धनवाले म्हणतात, बरोबर म्हातारी माणसं असतील तर दीड, आणि मामा असतील तर जाऊच देऊ नका. बैठक तीन वेळा लांबली आहे. याचा नियम कुठल्याही लिंटरमध्ये मिळत नाही, हे आम्ही आधीच तपासून घेतलं आहे. त्यामुळे आता कसं निवांत, मन लावून भांडता येतं.